अँटिलोप : चाळीस माणसांच्या नगराची सनद

अँटिलोप हे अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या वास्को काउंटीमधले गाव. कायद्याच्या दफ्तरी मात्र ते शहर आहे. १९८० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ३९ भरली. कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या कोरड्या पट्ट्यात ते वसले आहे. भोवताली वाळक्या गवताच्या टेकड्या आहेत, अधूनमधून जुनिपरची झाडे आणि सेजब्रशची खुरटी झुडपे. १८६० च्या दशकात कोलंबिया नदीकाठच्या द डॅल्सहून कॅनियन सिटीच्या सोन्याच्या खाणींकडे मालाच्या गाड्या जात. त्या वाटेवरचा घोडे बदलण्याचा टप्पा म्हणून ही वस्ती उभी राहिली. १८७१ मध्ये टपाल कचेरी आली आणि १९०१ मध्ये वस्तीला नगराची सनद मिळाली.

तो काळ लोकरीचा होता. १९०० मध्ये जवळच्या शानिकोपर्यंत रेल्वे आली आणि आसपासच्या मेंढरांची लोकर तिथून बाहेर जाऊ लागली. अँटिलोपमध्ये तेव्हा अडीचशेच्या आसपास माणसे राहत आणि गावाचे स्वतःचे वर्तमानपत्र निघे. पुढे कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या एच. एल. डेव्हिसने पोरवयात त्याच छापखान्यात खिळे जुळवले. १९११ च्या सुमारास देशूट्स नदीच्या काठाने दुसरा लोहमार्ग झाला, व्यापार तिकडे वळला आणि शानिकोबरोबर अँटिलोपही ओसरत गेले. मोटारी आल्यावर खरेदीला, दवाखान्यात, वरच्या शाळेत जायला मॅड्रस किंवा द डॅल्स गाठणे सोपे झाले. दर दशकाला गाव थोडे थोडे रिकामे होत राहिले. यात नवल काही नाही. अमेरिकेच्या कोरडवाहू पश्चिमेत अशी शेकडो गावे आहेत.

पण अँटिलोपने एक गोष्ट सोडली नाही, ती म्हणजे सनद. माणसे चाळीसवर आली तरी नगरपरिषद होती, नगराध्यक्ष होता, घरपट्टी बसवण्याचा, बांधकामाला परवाना देण्याचा आणि पाणीपुरवठा चालवण्याचा अधिकार होता. या अधिकारांचा रोजच्या जगण्यात फारसा उपयोग नव्हता. गावात बहुतेक निवृत्त माणसे होती, कमी खर्चात शांतपणे राहायला आलेली. परिषदेच्या बैठका जेमतेम होत. गावाचा खरा कारभार चाले तो कॅफेत, टपाल कचेरीच्या पायरीवर, चर्चमध्ये आणि शाळेच्या कार्यक्रमांत. या गावकीत आसपासच्या मैलोन्‌मैल पसरलेल्या रँचवरची कुटुंबेही होती. त्यांची मुले अँटिलोपच्या शाळेत शिकत आणि पत्त्यात अँटिलोप लिहिलेले त्यांचे टपाल तिथेच येई. मात्र ती नगराच्या हद्दीबाहेर राहत असल्यामुळे नगराच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते. म्हणजे गाव म्हणून जे काही होते ते एका जागी, आणि गावाची सत्ता होती ती दुसऱ्या जागी, जेमतेम तीन डझन नावांच्या मतदार यादीत. १९८१ ते १९८५ या काळात अँटिलोपवर जे गुदरले त्याची हकिगत बहुधा विक्षिप्त पंथ आणि भोळे गावकरी यांच्या झगड्याची म्हणून सांगितली जाते. पंथाने पुढे गुन्हेही केले, हे खरे. तरीही गाव हातचे गेले ते गुन्ह्याने नव्हे. गावकी आणि सनद यांच्यात पडलेल्या फटीतून, दिवसाढवळ्या, कायदेशीर मतदानाने ते गेले.

या कथेचे दुसरे टोक पुण्यात आहे. १९७४ पासून कोरेगाव पार्कात भगवान रजनीश यांचा आश्रम होता आणि पाश्चात्त्य संन्याशांच्या गर्दीला ती जागा अपुरी पडत होती. कच्छात किंवा सासवडकडे मोठी वसाहत करण्याचे बेत आखले गेले, पण तडीस गेले नाहीत. १ जून १९८१ रोजी रजनीश अमेरिकेत पोहोचले. त्यांच्या सचिव मा आनंद शीला यांनी जुलैमध्ये अँटिलोपपासून काही मैलांवरची ‘बिग मडी’ नावाची रँच ५७ लाख ५० हजार डॉलरला विकत घेतली. क्षेत्रफळ होते ६४,२२९ एकर, म्हणजे सुमारे शंभर चौरस मैल. फाजील चराईने झिजलेली ही जमीन विकत घ्यायला दुसरे कोणी उत्सुक नव्हते. संन्याशांनी तिथे बांध घातले, झाडे लावली, भाजीपाला पिकवला, आणि चार वर्षांत धावपट्टी, धरण, हॉटेल आणि सभागृह असलेली वसाहत उभी केली. विरोधकांनीही या मेहनतीला नावे ठेवल्याचे क्वचितच आढळते.

अडचण जमिनीची नव्हती, जमिनीच्या कायद्याची होती. १९७३ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या पुढाकाराने ओरेगॉनने जमीनवापराचा एक कायदा केला होता. प्रत्येक शहराला वाढीची सीमारेषा आखून द्यायची, आणि तिच्याबाहेरची शेतजमीन शेतीसाठीच राखायची, असे त्याचे सूत्र. शहरांचा पसारा शेतांवर चढू नये म्हणून केलेला हा कायदा अमेरिकेत त्या वेळी सर्वांत कडक समजला जाई. त्यावर पहारा ठेवण्यासाठी १९७५ मध्ये ‘थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन’ ही संस्था निघाली. पूर्व ओरेगॉनमधल्या पशुपालकांना हा कायदा मुळीच रुचलेला नव्हता. आपल्या जमिनीचे काय करायचे हे पोर्टलंड आणि सेलममधल्या साहेबांनी ठरवावे, ही कल्पनाच त्यांना झोंबे.

रँचची जमीन अर्थातच शेतीसाठी राखीव होती. तिथे शेतकामापुरती घरे चालत. छापखाना, कार्यालये, दुकाने, हजारोंची वस्ती चालत नसे. त्यातून दोन वाटा निघत होत्या. पहिली, रँचवरच नवे नगर स्थापणे. ओरेगॉनमध्ये दीडशे रहिवासी असले तर नगरस्थापनेसाठी अर्ज करता येतो आणि रहिवाशांच्या मतदानाने नगर अस्तित्वात येते. काउंटीच्या तीन सदस्यांच्या मंडळाने नोव्हेंबर १९८१ मध्ये दोन विरुद्ध एक मताने अशा मतदानाला मान्यता दिली आणि मे १९८२ मध्ये १५४ विरुद्ध ० मतांनी ‘रजनीशपुरम’ जन्मले. थाउजंड फ्रेंड्सने या नगरस्थापनेला आव्हान दिले. शहरी स्वरूपाचे व्यवहार अस्तित्वात असलेल्या शहरातच व्हावेत, ही त्यांची भूमिका होती आणि कायद्याचा रोखही तोच होता. दुसरी वाट या भूमिकेतूनच उघडली. सर्वांत जवळचे, अस्तित्वात असलेले ‘शहर’ होते अँटिलोप.

इथे घटनाक्रमातला उपरोध पुरता लक्षात घ्यावा लागतो. खेडे खेडेच राहावे म्हणून केलेल्या कायद्याने हजारोंच्या वसाहतीची शहरी गरज चाळीस माणसांच्या खेड्यावर नेऊन आदळली, कारण त्या खेड्याच्या नावापुढे शहर असे लिहिलेले होते. पशुपालक ज्या कायद्याला इतकी वर्षे बोल लावत होते, त्याच कायद्याची ढाल हाती घेऊन ते रजनीशपुरमविरुद्ध उभे राहिले. आणि ज्या शहरी पर्यावरणवाद्यांकडे ते संशयाने पाहत, ते त्यांचे सहकारी झाले. कायद्यावरची भक्ती ही बहुतेकदा तो कोणाला आडवा येतो यावर ठरते. अँटिलोपही याला अपवाद नव्हते.

संन्याशांनी गावातली विकाऊ घरे आणि मोकळ्या जागा घेण्यास सुरुवात केली. मरगळलेल्या गावात विकाऊ मालमत्ता भरपूर होती आणि चांगला भाव मिळताच अनेकांनी ती विकली, ही बाब पुढच्या गौरवकथांत सहसा येत नाही. गावातले दुकान आणि कॅफेही त्यांनी घेतले. कॅफेचे नाव ‘झोर्बा द बुद्ध’ झाले. छापखान्यासाठी त्यांनी परवाना मागितला, तो नगरपरिषदेने नाकारला आणि प्रकरण कोर्टात गेले. परवाना दिला असता तर पुढचे टळले असते का, यावर ओरेगॉनमध्ये पुष्कळ वाद झाला. टळले नसते असे मानायला जागा आहे, कारण रँचवर माणसे वाढतच होती. मात्र त्या नकाराने एक गोष्ट संन्याशांच्या ध्यानात आणून दिली. परवाना देणारी खुर्ची मूठभर मतांवर उभी आहे, आणि मूठभर मते आणणे त्यांना अवघड नव्हते.

जुन्या रहिवाशांनाही हे उमगले. त्यांनी शोधलेला उपाय मोठा विलक्षण होता. गावाने स्वतःची सनदच मोडीत काढावी, नगर विसर्जित करावे आणि सगळा कारभार काउंटीकडे सोपवावा, असा तो प्रस्ताव. सत्ताच उरली नाही तर बळकावणार काय, हा त्यामागचा हिशेब. १५ एप्रिल १९८२ रोजी त्यावर मतदान झाले. तोवर गावात राहायला आलेले संन्यासी मतदार झाले होते. प्रस्ताव ४२ विरुद्ध ५५ मतांनी पडला. अँटिलोप नगर वाचवले ते अँटिलोपमध्ये नुकतेच आलेल्यांनी, आणि ते मोडायला निघाले होते तिथे अनेक वर्षे राहिलेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नगरपरिषदेचे बहुमत संन्याशांकडे गेले.

पुढची दोन-तीन वर्षे सत्तेच्या वापराची होती. घरपट्टी वाढली. गावच्या उद्यानात विवस्त्र ऊन घ्यायला परवानगी मिळाली. मुळात त्या थंड-कोरड्या गावात तसे ऊन घेणारे किती असणार, पण ठरावाचा रोख उन्हाकडे नव्हताच. रजनीशपुरमच्या ‘शांतिदला’च्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, गाड्या रस्त्यांवर फिरू लागल्या आणि घराघरांवर नजर ठेवली जात असल्याची भावना पसरली. गावची शाळा नव्या मंडळींच्या ताब्यात गेली, तेव्हा रँचवाल्यांची मुले लांब मॅड्रसच्या शाळेत बसने जाऊ लागली. गावकीचा कणा मोडला तो इथे. परिषद गेली तेव्हा लोक चिडले होते. शाळा गेली तेव्हा घरे बंद करून जाण्याची भाषा सुरू झाली, आणि काही जण गेलेही. १९८४ मध्ये मतदानाने गावाचे नावच ‘रजनीश’ झाले. टपाल खात्याने मात्र हा बदल कधीच मानला नाही. त्यामुळे जुने रहिवासी एका शहरात राहत आणि दुसऱ्या नावाच्या गावातून पत्रे पाठवत.

संन्याशांची बाजू कायद्याच्या अंगाने लंगडी नव्हती. अमेरिकेत मतदानाचा हक्क वास्तव्याने मिळतो, वास्तव्याच्या मुदतीने नव्हे. टेनेसी राज्याने मतदारासाठी एक वर्षाच्या वास्तव्याची अट घातली होती, ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘डन विरुद्ध ब्लमस्टीन’ खटल्यात रद्द केली. या निकालाला कारणे होती. ‘तू इथला नाहीस’ हे वाक्य अमेरिकेत काळ्या नागरिकांना, हंगामी मजुरांना आणि विद्यार्थ्यांना मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले होते. अँटिलोपच्या जुन्या रहिवाशांपैकीही कित्येक जण उतारवयात बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते. दहा वर्षांपूर्वी आलेला अस्सल आणि दहा महिन्यांपूर्वी आलेला उपरा, ही रेषा नेमकी कुठे ओढायची? शिवाय गावाचा आणि राज्याचा विरोध निव्वळ कायदेशीर मुद्द्यांवर नव्हता. लाल-भगव्या कपड्यांची टवाळी झाली, परधर्मीयांबद्दलचा आणि परदेशी गुरूबद्दलचा तिरस्कार उघडपणे बोलला गेला, आणि जुलै १९८३ मध्ये पोर्टलंडमधल्या पंथाच्या हॉटेलात बाँबस्फोटही झाला.

तरीही ही बाजू एका ठिकाणी तुटते. नवा रहिवासी मतदान करतो तेव्हा तो आपल्या गावाबद्दल मत देतो, असे कायदा गृहीत धरतो. अँटिलोपमधले नवे मतदार अँटिलोपबद्दल मत देत नव्हते. त्यांचे घर, काम, गुरू आणि भविष्य रँचवर होते. गाव ही त्यांना डावपेचात लागणारी चौकी होती. त्यांचे मतदान एकगठ्ठा होते. वरून ठरे तसे पडे. मतदाराने कोणाचे ऐकावे हे अर्थात कोणताही कायदा ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. म्हणूनच अँटिलोपचा प्रश्न निवडणूक कायद्याच्या पोटात राहूनही त्या कायद्याने सुटणारा नव्हता. मोठ्या शहरात अशी गठ्ठामते इतर मतांत विरून जातात. चाळीस मतदारांच्या नगरात एक भरलेली बसही बहुमत असते. आकार हाच इथे निर्णायक घटक होता. अमेरिकी कायदा नगराला कायदेशीर व्यक्ती मानताना तिचा आकार विचारात घेत नाही, ही त्याची उणीव आहे.

रजनीशपुरमशी तुलना केली की दुसरी गोष्ट दिसते. १५४ विरुद्ध ० हा निकाल एकमताचा नसून एका मालकीचा होता. जमीन, रस्ते, घरे, कचेऱ्या सगळे पंथाच्या संस्थांचे. तिथे वेगळे मत असलेल्या माणसाला राहायलाच जागा नव्हती. महाधिवक्ता डेव्हिड फ्रोनमायर यांनी १९८३ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. धर्मसंस्थेच्या खासगी जमिनीवर, तिच्या अनुयायांनीच चालवलेल्या नगराला सार्वजनिक सत्ता आणि सरकारी पैसा देणे म्हणजे धर्म आणि शासन यांमधली घटनात्मक भिंत पाडणे होय, असे मत देऊन त्यांनी राज्यातर्फे दावा लावला. हा दावा भक्कम होता. रजनीशपुरमच्या पोलिसांना राज्याच्या अकादमीत प्रशिक्षण मिळत होते, म्हणजे एका पंथाच्या हाती राज्याचा दंडा आला होता. अँटिलोपमध्ये मात्र घरे ज्याची त्याची होती. त्यामुळे परिषद गमावल्यावरही विरोधक गावात राहू शकले, बैठकांना जाऊन बोलू शकले आणि वार्ताहरांना भेटू शकले. सनद त्यांच्या हातून गेली होती. घराची किल्ली गेली नव्हती.

गावात जे साधले ते काउंटीत करून पाहण्याचा मोह पंथाला झाला आणि तिथे गणित फसले. वास्को काउंटीची लोकसंख्या एकवीस हजारांच्या वर होती. नोव्हेंबर १९८४ च्या निवडणुकीत काउंटीचे मंडळ ताब्यात घ्यायचे तर काही हजार मते हवी होती. त्यासाठी देशभरातल्या शहरांतून बेघर माणसांना बसमध्ये भरून रँचवर आणले गेले. औदार्याचा उपक्रम म्हणून त्याची जाहिरात झाली. काउंटीच्या अधिकाऱ्यांनी आणि राज्याच्या सचिव नॉर्मा पॉलस यांनी मतदार नोंदणीची प्रत्यक्ष छाननी सुरू केली, तेव्हा हा बेत गळपटला आणि त्या माणसांना जवळच्या शहरांत आणून सोडण्यात आले. त्यांचे पुढचे हाल हा या कथेतला सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग असावा. आपली मते वाढत नसतील तर दुसऱ्यांची कमी करावीत, असा विचार त्याच सुमारास पंथाच्या वरिष्ठ वर्तुळाने केला. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये द डॅल्समधल्या दहा उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळण्यात आले. ७५१ माणसे आजारी पडली आणि ४५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. कोणी दगावले नाही. मतदानाच्या दिवशी विरोधी मतदार अंथरुणात असावेत यासाठीची ही रंगीत तालीम होती.

सप्टेंबर १९८५ मध्ये शीला आणि त्यांचे निकटचे सहकारी युरोपात निघून गेले. त्यांच्या कृत्यांचा पाढा खुद्द रजनीश यांनीच पत्रकारांपुढे वाचला. ऑक्टोबरअखेर नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे रजनीश यांना अटक झाली, नोव्हेंबरमध्ये स्थलांतर कायद्याच्या गुन्ह्यांबद्दल तडजोडीत चार लाख डॉलर दंड ठोठावला गेला आणि त्यांनी देश सोडला. १९८७ च्या आरंभी ते पुण्याला परतले. शीला यांना त्याआधीच, १९८६ मध्ये, अमेरिकेत शिक्षा झाली होती. वसाहत काही महिन्यांत रिकामी झाली.

६ नोव्हेंबर १९८५ रोजी अँटिलोपने जुने नाव परत घेतले, ३४ विरुद्ध ० मतांनी. उरलेले संन्यासीही त्यात होते. अनेक जण निघण्याच्या तयारीत असतानाच त्यांनी ‘अँटिलोप’च्या बाजूने मत टाकले. या मतदानाला गावाचा विजय म्हणणे तसे सैल आहे. गाव निवडणुकीत जिंकले नाही. समोरची बाजू स्वतःच्या गुन्ह्यांच्या ओझ्याखाली कोसळली. शीला यांनी काउंटीचा हव्यास धरला नसता, तर गावाचे नाव मतपेटीतून परत कसे आले असते, हे सांगता येत नाही. टपाल कचेरीजवळच्या ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी गावाने एक फलक बसवला. त्या चार वर्षांचा उल्लेख त्यावर आक्रमण आणि ताबा असा आहे, आणि टिकून राहून प्रतिकार करणाऱ्यांना तो अर्पण केलेला आहे. घरे विकून गेलेल्यांबद्दल तो काही बोलत नाही. फलक तसे बोलतही नसतात.

कायद्याच्या दरबारात निकाल याहून गुंतागुंतीचे लागले. धर्म आणि शासनाच्या मुद्द्यावर संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश हेलन फ्राय यांनी डिसेंबर १९८५ मध्ये राज्याच्या बाजूने निकाल दिला. तोवर नगरातर्फे लढणारे कोणी उरले नव्हते. जमीनवापराचा खटला मात्र चालू राहिला. १९८७ मध्ये ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला तेव्हा रजनीशपुरमच्या स्थापनेने राज्याच्या शेतजमीन धोरणाचा भंग झाला नव्हता असे ठरले. ज्या कायद्याच्या भीतीने संन्यासी अँटिलोपकडे वळले, त्याच कायद्याने त्यांचे रँचवरचे नगर अखेर वैध ठरवले, आणि तेव्हा तिथे राहायला कोणीही नव्हते. निकाल पाच वर्षे आधी लागता तर अँटिलोपमध्ये घरे घेण्याचे कारणच उरले नसते. न्यायालयीन दिरंगाईची किंमत पक्षकार देतात असे समजले जाते. इथे ती खटल्यात पक्षकार नसलेल्या गावाने दिली.

राज्याने बदल केला तो दुसऱ्याच जागी. ओरेगॉनमध्ये १९७५ पासून मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येत असे. १९८६ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ही नोंदणी वीस दिवस आधी बंद होईल असे ठरवले. बसगाड्या भरून आणलेल्या मतदारांची धास्ती त्यामागे होती. या अटीने अँटिलोप मात्र वाचले नसते, कारण तिथे घरे घेतलेले संन्यासी वीस दिवस काय, कित्येक महिने राहिले होते. एका खेड्याच्या अनुभवातून काढलेला धडा राज्यभरातल्या साध्या मतदाराला गैरसोयीचा झाला आणि त्या खेड्याची अडचण होती तिथेच राहिली.

रँच १९९० च्या दशकात एका उद्योगपतीने घेतली आणि नंतर ‘यंग लाइफ’ या ख्रिस्ती युवक संघटनेला दिली. संन्याशांनी बांधलेल्या इमारतींचा वापर करून तिथे आता मुलांची शिबिरे भरतात. धर्मसंस्थेच्या मालकीची मोठी वसाहत आजही तिथे आहे. फरक इतकाच की तिने नगराची सनद मागितलेली नाही, आणि धर्मही परिसराच्या ओळखीचा आहे. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही माहितीपट मालिका आली आणि अँटिलोपच्या वाटेला पुन्हा एकदा बघे लागले. २०२० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या ३७ होती. सनद अजून आहे, नगरपरिषद आहे, आणि आसपासच्या रँचवरच्या कुटुंबांना अजूनही तिथे मत नाही. शानिको, लोनरॉक, ग्रॅनाइट, ग्रीनहॉर्न ही ओरेगॉनमधली मूठभर वस्तीची आणखी काही नगरे. त्यांच्याही सनदा तशाच चालू आहेत.